पांढऱ्यावर संक्रांत: ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीची केस

वर्ल्ड कप आला की आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत दोनच देश उरतात, ब्राझील आणि अर्जेंटिना, बाकीच्या टीमा उगाच गर्दी करायला आल्यात असं वाटावं इतपत. बोळाच्या एका तोंडाला मेस्सीचा फ्लेक्स, दुसऱ्या तोंडाला नेमारचा, वर दोरीला झेंडे, आणि ब्राझीलची राजधानी विचारली तर बिनधास्त रिओ सांगतील असे गडी पिवळा टी-शर्ट घालून रात्री दीडच्या मॅचला चहाची किटली घेऊन बसलेले. मी पण त्यातलाच. २०१४ ला महाद्वार रोडवर एका हातगाडीवरनं १८० रुपयांना घेतलेली जर्सी अजून आहे माझ्याकडं, पहिल्याच धुण्यात कॉलरचा हिरवा उतरून खांद्यावर पोपटी डाग पडले, आई म्हणाली फरशी पुसायला घेते, मी म्हटलं हात लावू नको.

तर परवा कट्ट्यावर एकानं विचारलं, ही पिवळीच का रे? सगळे एका सुरात म्हणाले झेंड्यात पिवळा आहे म्हणून. बरोबर आहे, पण अर्धंच. आपल्या झेंड्यात निळा फक्त मधल्या चक्रात आहे तरी क्रिकेटला अख्खा देश निळा होतो, म्हणजे झेंड्यातला रंग आपोआप चालत येऊन टीमच्या अंगावर बसतो असं काही नसतं. ब्राझीलच्या झेंड्यात पिवळा १८२२ पासून आहे, टीम खेळतेय १९१४ पासून, आणि पिवळी जर्सी आली १९५४ ला. मधली ४० वर्षं झेंडा तोच होता, पिवळाही तोच होता, कुणाला तो अंगावर घालावासा वाटला नाही. मग ५४ ला असं काय झालं? या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहितोय, लांबलंय, आधीच सांगतो.

आधी पांढरी होती

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ब्राझीलची टीम पांढरा शर्ट घालायची, कॉलर आणि काठ निळे. दिसायला एखाद्या शाळेच्या गॅदरिंगला बँड वाजवणाऱ्या पोरांसारखी, पण खेळायला कमी नाही. १९१९, १९२२ आणि १९४९ अशी तीनदा दक्षिण अमेरिकेची चॅम्पियनशिप या पांढऱ्यातच जिंकली, तीनही वेळा घरच्या मैदानावर. ४९ ला तर शेवटच्या मॅचमध्ये पॅराग्वेला ७-०. तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं की शर्टात देशभक्ती कमी पडतेय.

पुढच्याच वर्षी वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये. महायुद्धामुळं १९४२ आणि ४६ चा झालाच नव्हता, त्यामुळं १२ वर्षांनी होणारा कप, आणि त्यासाठी रिओत माराकाना नावाचं स्टेडियम मुद्दाम बांधलेलं, जगातलं सगळ्यात मोठं. (जाता जाता, या कपला आपणही जाणार होतो. भारताला स्वीडन, इटली, पॅराग्वेच्या ग्रुपमध्ये टाकलंही होतं, पण आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून गेलो नाही ही गोष्ट आपल्याकडं चवीनं सांगतात, पण खरी भानगड त्याहून साधी दिसते, आपल्या फेडरेशनला तेव्हा ऑलिम्पिक हेच सगळं वाटायचं आणि वर्ल्ड कप म्हणजे काय प्रकरण आहे ते कळलंच नव्हतं.)

त्या वर्षी फायनल अशी नव्हतीच. शेवटच्या चार टीमांनी एकमेकांशी खेळायचं आणि ज्याचे पॉइंट जास्त तो चॅम्पियन. ब्राझीलनं स्वीडनला ७-१ नं धुतलं, स्पेनला ६-१ नं. शेवटची मॅच उरुग्वेशी, तारीख १६ जुलै १९५०, आणि ब्राझीलला जिंकायची पण गरज नाही, बरोबरी केली तरी कप घरात. म्हणजे साखरपुडा झालाय, हॉल बुक आहे, पत्रिका वाटून झाल्यात, फक्त अक्षता पडायच्या राहिल्यात.

तिकीट काढून आत गेलेली माणसंच १,७३,८५०, आणि अशी-तशी घुसलेली धरली तर दोन लाखांच्या आसपास. मॅच सुरू व्हायच्या आधी रिओच्या महापौरांनी माईकवरनं भाषण ठोकलं आणि खेळाडूंना थेट विजेतेच करून टाकलं. हाफटाइमनंतर दोनच मिनिटांत ब्राझीलच्या फ्रियासानं गोल मारला, १-०. स्टेडियम डोक्यावर. ६६ व्या मिनिटाला उरुग्वेच्या स्कियाफिनोनं बरोबरी केली, तरी ठीक होतं, बरोबरीतही कप मिळतच होता. आणि ७९ व्या मिनिटाला आल्सिदेस गिजिया उजवीकडनं घुसला, ब्राझीलचा गोलकीपर बार्बोझा याला वाटलं हा मघासारखा आत पास देणार, तो अर्धं पाऊल पुढं सरकला, आणि गिजियानं त्याच्या आणि खांबाच्या मधल्या फटीतनं बॉल घातला. २-१.

फिफाचे अध्यक्ष झ्युल रिमे यांचा किस्सा मला यात सगळ्यात जास्त आवडतो. स्कोअर १-१ असताना ते कप द्यायला म्हणून स्टँडमधनं उठून खाली निघाले, खिशात ब्राझीलच्या अभिनंदनाचं भाषण. भुयारातनं चालत मैदानावर पोचेपर्यंत वरचा गलका बंद झालेला. बाहेर येऊन बघतात तर ना बँड, ना मानवंदना, ना स्टेज. गर्दीत ढकलाढकलीत उरुग्वेचा कॅप्टन ओब्दुलिओ व्हारेला दिसला, त्याच्या हातात कप देऊन टाकला, जवळजवळ चोरून दिल्यासारखा. भाषण खिशातच राहिलं.

गिजिया नंतर म्हातारपणी म्हणायचा की माराकानाला गप्प करणारी माणसं जगात तीनच, पोप, फ्रँक सिनात्रा आणि मी.

खापर

आपल्याकडं पानिपत म्हटलं की अडीचशे वर्षांनी पण माणूस दोन सेकंद गप्प होतो, तसं त्या लोकांचं हे. या मॅचला त्यांनी नावच दिलंय, माराकानाझो. नेल्सन रॉड्रिगेस नावाचा त्यांचा मोठा नाटककार, फुटबॉलवर पेपरात कॉलम लिहायचा, तो याला आमचं हिरोशिमा म्हणाला. आता हिरोशिमाला जे झालं त्याच्या पंगतीत फुटबॉलचा पराभव बसवणं मला तरी पटत नाही, पण त्यावरनं जखम किती खोल होती ते कळतं. त्याचाच दुसरा शब्द जास्त नेमका आहे, त्यानं १९५८ ला लिहिलं की ब्राझीलच्या माणसाला गावठी कुत्र्याचा गंड आहे, परदेशी माणूस समोर आला की तो आपोआप शेपूट घालतो.

हरल्यावर माणूस कारण शोधतो. पहिलं खापर फुटलं बार्बोझावर, आणि त्याच्याबरोबर बिगोदे आणि जुव्हेनाल या दोन डिफेंडरांवर. तिघेही काळे. हा निव्वळ योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बार्बोझा त्या काळातला उत्तम कीपर, पण आयुष्यभर तो एकच गोल त्याच्या नावावर राहिला. १९९३ ला ब्राझीलच्या टीमला शुभेच्छा द्यायला त्यांच्या कॅम्पवर गेला तर पनौती नको म्हणून त्याला आत घेतलं नाही. तो म्हणायचा की आमच्या देशात जास्तीत जास्त शिक्षा ३० वर्षांची आहे, मी मात्र ५० वर्षं भोगतोय. २००० साली गेला बिचारा.

दुसरं खापर फुटलं शर्टावर.

आपल्याकडं जानेवारीत कॅलेंडरात बघतात ना, यंदा संक्रांत कशावर बसून आलीये आणि कुठल्या रंगाचं वस्त्र नेसलीये, आणि मग तो रंग त्या वर्षी नको, अगदी तसं पांढऱ्यावर संक्रांत आली. लोक म्हणायला लागले या रंगात दमच नाही, यात ब्राझील कुठं दिसतो, पांढरा काय कुणीही घालतं.

नेटवर इथं एक गोष्ट चकचकीत करून सांगतात, की ५० ला हरले आणि पांढरी जर्सी फेकून दिली, त्यानंतर कधी अंगाला लावली नाही. तसं झालेलं नाही. १९५२ ला चिलीत पॅन-अमेरिकन चॅम्पियनशिप झाली, ब्राझील त्यात खेळला, जिंकला, उरुग्वेलाही हरवलं, आणि अंगात पांढराच होता. परदेशात जिंकलेली त्यांची ही पहिली मोठी स्पर्धा. म्हणजे बघा, ज्या शर्टात नाक कापलं गेलं त्याच शर्टात दोन वर्षांनी त्याच टीमला हरवून नाक परत आणलं होतं, हिशोब चुकता झाला होता, तरी शर्ट वाचला नाही. कारण एकदा माणसाच्या डोक्यात बसलं की अमुक गोष्ट अपशकुनी आहे तर नंतर ती दहा वेळा लाभली तरी तो धरत नाही, हे आपल्या मांजराच्या आडवं जाण्यावरनं सगळ्यांना माहीत आहे.

पेपरची स्पर्धा

शर्ट बदलायचा निर्णय सरकारनं घेतला नाही, संसदेत ठराव नाही, कलातज्ज्ञांची समिती बसली नाही. रिओच्या एका पेपरनं, नाव कोर्रेयो दा मान्या, म्हणजे शब्दशः सकाळची डाक, १९५३ ला स्पर्धा काढली. पेपरचं म्हणणं असं की पांढऱ्या शर्टात मानसिक आणि नैतिक प्रतीकच नाही. काय भारी वाक्य आहे, शर्टात नैतिकता. तिथल्या क्रीडा महासंघानं पाठिंबा दिला. अट एकच, ड्रेसमध्ये झेंड्यातले चारही रंग पाहिजेत, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. जिंकणाऱ्याचा ड्रेस घालून टीम १९५४ च्या स्वित्झर्लंडच्या वर्ल्ड कपला जाणार. थोडक्यात, खप वाढवणारी वाचक स्पर्धा, कूपन कापून पाठवा टाइप, फक्त बक्षीस जरा मोठं, अख्ख्या देशाचे कपडे.

जिंकला कोण तर आल्दिर गार्सिया श्ली, वय वर्षं १९. पेलोतास नावाच्या गावात एका पेपरला चित्रं काढायचा. जन्म जाग्वारांव गावचा, आणि हे गाव महत्त्वाचं आहे. ब्राझीलच्या अगदी खालच्या टोकाला, नदीकाठी, आणि नदीच्या पलीकडं उरुग्वे. मध्ये १९३० ला बांधलेला पूल. पुलाच्या अलीकडं पोर्तुगीज बोलतात, पलीकडं स्पॅनिश, आणि दोन्हीकडं दोन्ही कळतं. निपाणी-बेळगावकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, की कागदावरची रेघ एका ठिकाणी असते आणि माणसाचा जीव दुसऱ्याच ठिकाणी.

श्लीचा जीव पलीकडं होता. म्हणजे फुटबॉलला तो उरुग्वेचा. उघड सांगायचा, लपवायचा नाही. १६ जुलै १९५० ला तो १५ वर्षांचा होता आणि पूल ओलांडून पलीकडच्या गावात सिनेमा बघत बसला होता. त्यानं स्वतःच ही आठवण सांगितलीये, सिनेमा मध्येच थांबला, उरुग्वे जगज्जेता झाला अशी घोषणा झाली, आणि थेटरातली सगळी माणसं उभी राहून उरुग्वेचं राष्ट्रगीत म्हणायला लागली.

जो पराभव पुसायला म्हणून स्पर्धा काढली, त्या पराभवाच्या दिवशी शत्रूच्या थेटरात बसलेल्या पोरानं ती जिंकली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी रचलंय, इतकं ते बरोबर बसतं. पण श्ली हा माणूस खराखुरा, पुढं आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक झाला, लेखक झाला, आयुष्यभर त्या सरहद्दीवरच्या माणसांच्याच कथा लिहिल्या, आणि उरुग्वेलाच सपोर्ट करत राहिला.

चार रंगांचं त्रांगडं

आता त्यानं केलं काय ते जरा जवळनं बघू, कारण इथं खरी डोकॅलिटी आहे. मी स्वतः करून बघितलं, पोरीच्या स्केचपेनचा बॉक्स घेतला, वहीच्या पाठच्या पानावर दहा-बारा शर्ट काढले आणि चार रंग घालायला लागलो. आडवे पट्टे काढले तर सोलापुरी बेडशीट. चौकोन केले तर लुडोचा पट. तिरका पट्टा छातीवरनं घेतला तर वरातीतला बँडवाला. पिवळ्याला निळा चिकटला की डोळ्यात घुसतो, निळ्याला हिरवा चिकटला की लांबनं वेगळा कळतच नाही, आणि पांढरा मध्ये कुठंही टाकला की बाकीचे तिघं मळल्यासारखे दिसतात. शेवटी पोरगी म्हणाली बाबा तुम्ही माझा निळा संपवला.

श्लीनं म्हणे शंभरावर चित्रं काढली होती आणि तो पण असाच वैतागला होता, की चार रंगांचा शर्ट कुणाचा असतो का? मग त्याच्या लक्षात आलं की पेपरला चारही रंग ड्रेसमध्ये पाहिजेत, शर्टात नव्हे. निळा आणि पांढरा एकमेकांशी जुळतात, त्यांना खाली पाठवलं, निळी चड्डी, बाजूला पांढरी पट्टी, पांढरे मोजे. वर राहिले दोन, पिवळा आणि हिरवा. हिरवा कॉलरला आणि बाह्यांच्या काठाला, बाकी सगळा पिवळा. झालं. म्हणजे पिवळा निवडला वगैरे नाही, बाकीचे रंग जागच्या जागी लावून झाल्यावर पिवळा उरला. आज ज्याला ब्राझीलचा आत्मा म्हणतात तो एका चित्रकाराची अडचण सोडवताना शिल्लक राहिलेला रंग आहे.

आणि त्या रंगाचा अर्थ? शाळेत पोरांना सांगतात हिरवा म्हणजे अॅमेझॉनचं जंगल आणि पिवळा म्हणजे जमिनीतलं सोनं. ऐकायला छान आहे, पण १८२२ ला झेंडा केला तेव्हा हिरवा होता सम्राट पहिल्या पेद्रोच्या ब्रागांझा घराण्याचा आणि पिवळा त्याची बायको लिओपोल्दिना हिच्या माहेरचा, हाब्सबुर्ग घराण्याचा. सासर-माहेरचे रंग. १८८९ ला राजेशाही गेली, झेंड्यातली राजाची निशाणी काढून निळा गोल आणि तारे आणले, पण हिरवा-पिवळा तसाच ठेवला आणि अर्थ नवीन चिकटवला. जंगल आणि सोनं नंतरचं.

लगेच लाभली वगैरे अजिबात नाही

मार्च १९५४ ला माराकानावर चिलीविरुद्ध पिवळी जर्सी उतरली, जिंकली. पण स्वित्झर्लंडला वर्ल्ड कपात क्वार्टर फायनलला हंगेरीनं ४-२ नं हरवलं, आणि मॅच अशी की खेळ कमी हाणामारी जास्त, तिला बर्नची लढाईच म्हणतात. नवा शर्ट आला की नशीब फिरेल असं ज्यांना वाटत होतं त्यांची तोंडं बघायला पाहिजे होती.

आणि १९५८ चं तर ऐकाच. स्वीडनमध्ये कप, ब्राझील फायनलला, समोर यजमान स्वीडन, आणि स्वीडनची जर्सी पण पिवळी. चिठ्ठी टाकली, ब्राझील हरला, म्हणजे रंग यांनी बदलायचा. दुसरा सेट जवळ नाही. पांढरा घालायचा? ५० चं भूत मानगुटीवर, कोण घालेल. मग स्टॉकहोमच्या दुकानातनं निळे शर्ट विकत आणले, पिवळ्या शर्टांवरचे बिल्ले उसवून काढले आणि निळ्यावर शिवले. जगातल्या सगळ्यात मोठ्या मॅचची तयारी, आणि हॉटेलात सुई-दोरा चाललाय. खेळाडू रंग बदलल्यामुळं घाबरलेले, तेव्हा टीमचे प्रमुख पाउलो माशादो दे कार्वाल्यो यांनी सांगितलं की अरे निळा हा आपल्या अपारेसिदा मातेच्या शेल्याचा रंग, ती पाठीशी आहे. अपारेसिदा म्हणजे ब्राझीलची रक्षणकर्ती मानलेली मेरी माता, आपल्याकडं अंबाबाईचं नाव घेऊन मैदानात उतरावं तसं. २९ जून १९५८, ब्राझील ५, स्वीडन २. १७ वर्षांच्या पेलेचे दोन गोल. पेले म्हणजे तोच, ज्यानं ५० ला नऊ वर्षांचा असताना आपल्या बापाला रेडिओजवळ रडताना बघितलं होतं.

म्हणजे ब्राझीलचा पहिला वर्ल्ड कप निळ्या शर्टात आलाय, तो पण दुकानातनं आणलेल्या. पिवळ्यात पहिला कप १९६२ ला चिलीत.

जगाला पिवळा, ब्राझीलला करडा

मग पिवळी जर्सी जगाच्या डोळ्यांत बसली कधी? माझं मत, १९७० ला, आणि तिचं श्रेय श्लीपेक्षा टीव्हीला जास्त. मेक्सिकोचा तो वर्ल्ड कप रंगीत दाखवलेला पहिला कप. दुपारचं टळटळीत ऊन, हिरवंगार गवत, त्यावर हा हळदीसारखा पिवळा, आणि खेळणारे पेले, जैरझिन्यो, तोस्ताव, रिव्हेलिनो. फायनलला इटलीला ४-१. युरोपातल्या ज्या माणसानं त्या वर्षी नवा रंगीत टीव्ही घेतला असेल त्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं असणार. हाच शर्ट पांढरा असता तर टीव्हीवर काय फरक पडला असता? १९५३ ला श्लीच्या डोक्यात रंगीत टीव्ही नव्हता, कुणाच्याच नव्हता.

पण खुद्द ब्राझीलमध्ये रंगीत टीव्ही अधिकृतपणे सुरू झाला १९७२ ला. म्हणजे ७० ची फायनल बहुतेक ब्राझिलियन घरांत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बघितली. जग पिवळा बघत होतं आणि ज्यांचा तो होता ते करडा. हे वाचल्यावर मला आमच्या घरचा जुना टीव्ही आठवला, ८६ चा वर्ल्ड कप दूरदर्शनवर त्याच्यावर बघितलेला, अर्जेंटिनाचे पट्टे कळायचे, ब्राझीलचा रंग नाही, तरी काका छातीठोकपणे सांगायचे पिवळ्या जर्सीवाला बघ पिवळ्या जर्सीवाला, आणि आम्हाला दिसायचा पण.

आणि ७० ची दुसरी बाजू सांगायलाच पाहिजे. तेव्हा तिथं लष्करी हुकूमशाही होती, मेदिसी नावाचा जनरल अध्यक्ष, तुरुंगात माणसांचे हाल चाललेले, आणि सरकारनं कप जिंकल्याचा पुरेपूर फायदा उठवला, या देशाला आता कुणी अडवू शकत नाही अशी घोषणा सगळीकडं. ज्यानं शर्टाचं चित्र काढलं त्या श्लीला याच राजवटीत १९६४ नंतर अटकेत जावं लागलं होतं.

मग सगळ्यांनीच ओढली

इथनं पुढं जर्सी म्हणजे गावच्या पालखीसारखी झाली, प्रत्येकाला खांदा द्यायचाय. १९८४ ला थेट निवडणुका घ्या म्हणून लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा चळवळीचा रंग पिवळाच होता, आणि सॉक्रेटिस, डॉक्टर असलेला तो कॅप्टन, स्टेजवरनं भाषणं करत होता. म्हणजे जो रंग हुकूमशहानं वापरला तोच हुकूमशाही घालवायला. १९९२ ला भ्रष्टाचारात अडकलेला अध्यक्ष कोलोर यानं लोकांना आवाहन केलं की मला पाठिंबा म्हणून रविवारी हिरवं-पिवळं घालून बाहेर पडा, लोक बाहेर पडले, काळे कपडे घालून. नाद खुळा. नंतर नायकी आली १९९६ ला, मोठा करार झाला, आणि त्या कराराची चौकशी करायला संसदेनं समिती नेमली, एका शर्टासाठी संसदेची समिती!

गेल्या दहा वर्षांत मात्र प्रकरण चिघळलं. २०१५-१६ ला अध्यक्ष दिल्मा यांच्याविरुद्ध मोर्चे निघाले ते पिवळ्या जर्सीत, मग तीच जर्सी उजव्या विचारांचे नेते बोल्सोनारो यांच्या समर्थकांचा युनिफॉर्म झाली, आणि ८ जानेवारी २०२३ ला राजधानीत संसद आणि सुप्रीम कोर्टावर जमाव घुसला त्यातही पिवळे शर्टच उठून दिसत होते. तिथल्या बऱ्याच लोकांनी मधल्या काळात जर्सी कपाटात टाकली, कारण घालून बाहेर पडलं की लोक मॅच कुणाशी आहे ते विचारत नाहीत, मत कुणाला दिलं ते गृहीत धरतात. काहींनी निळी घ्यायला सुरुवात केली, ५८ ची. २०२५ ला दुसरी जर्सी लाल येणार अशी बातमी फुटली तर इतका दंगा झाला की फेडरेशनला सांगावं लागलं, पिवळा आणि निळाच राहणार.

माझ्या मते या सगळ्या केसची किल्ली एका तुलनेत आहे. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोंते, वर्ल्ड कप घरच्या मैदानावर, सेमी-फायनल, जर्मनी ७, ब्राझील १. त्या रात्री आमच्या बोळात अर्ध्या तासात चहाची किटली जागेवर थंड झाली, २९ मिनिटांत ५-० झालं तेव्हा अर्जेंटिनावाले पण हसायचे थांबले. ५० ला तर एका गोलनं हरले होते, इथं सहा गोलनं. ५० नंतर शर्ट बदलला. २०१४ ला शर्ट बदला असं कुणी म्हणालं का? कोचला हाकललं, खेळाडूंना शिव्या दिल्या, फेडरेशनला दिल्या, पिवळ्याला कुणी बोट लावलं नाही. पांढरा हा टीमचा शर्ट होता, टीम हरली की त्यालाही हरावं लागलं. पिवळा तोवर टीमच्या हातातनं निसटून रस्त्यावर, मोर्च्यात, टीव्हीत, आमच्या महाद्वार रोडच्या हातगाडीवर गेला होता, त्याला हरवायला सात गोल पुरेनात. पण त्याच कारणानं तो राजकारण्यांच्या हाताला लागला. जे सगळ्यांचं असतं ते कुणीही उचलून नेतं.

पांढरी परत आली होती बरं का. २०१९ ला कोपा अमेरिकाच्या (दक्षिण अमेरिकेच्या त्याच चॅम्पियनशिपचं आताचं नाव) पहिल्या मॅचला बोलिव्हियाविरुद्ध, १९१९ च्या विजयाला शंभर वर्षं झाली म्हणून. जिंकले. आणि नंतर पूर्ण कप पण जिंकले. कुणाला संक्रांत आठवली नाही.

गोव्यात कधी गेलात तर फुटबॉलवाल्या जुन्या माणसाशी बोला, तिथं हे नातं वेगळंच आहे, भाषेत पोर्तुगीज शब्द, चर्चच्या मागं मैदान, आणि २०१४ पासून तीन सीझन एफसी गोवाचा कोच म्हणून साक्षात झिको, त्या पिवळ्या जर्सीचा १० नंबर. मडगावला मी एका मॅचला गेलो होतो, स्टँडमध्ये एफसी गोवाच्या केशरी गर्दीत मधेमधे ब्राझीलची पिवळी घालून आलेली माणसं होती, मॅच ब्राझीलची नव्हतीच, तरी.

श्ली १५ नोव्हेंबर २०१८ ला गेला, ८४ वर्षांचा व्हायला एक आठवडा बाकी होता. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ब्राझीलची एक फ्रेंडली मॅच ठरलेली होती, समोर उरुग्वे. ब्राझील १-० नं जिंकला, नेमारची पेनल्टी. म्हातारा असता तर हळहळला असता.